वकिलातीवाचून परराष्ट्रकारण

राज्य कशाला म्हणावे, या प्रश्नाचे सर्वाधिक उद्धृत केले जाणारे उत्तर १९३३ साली उरुग्वेची राजधानी मॉन्टेव्हिडिओ येथे अमेरिका खंडांतील देशांनी केलेल्या करारात सापडते. कायमची लोकवस्ती, निश्चित भूप्रदेश, त्यावर चालणारे शासन आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता, अशा चार कसोट्या त्या कराराने घालून दिल्या आणि राज्याचे राजकीय अस्तित्व इतरांच्या मान्यतेवर अवलंबून नसते, असेही त्यातच नमूद केले. मान्यता म्हणजे आधीच अस्तित्वात असलेल्या वस्तुस्थितीची जाहीर कबुली, असे मानणारा हा पक्ष. त्याच्या विरुद्ध पक्ष असा की इतर राज्यांनी मान्य केल्याखेरीज राज्य जन्मालाच येत नाही. ग्रंथांत हे दोन पक्ष समोरासमोर उभे असतात, व्यवहारात मात्र बहुतेक सरकारे सोयीप्रमाणे दोन्हीकडून बोलतात, आणि त्याची साक्ष तैवानइतकी स्वच्छपणे क्वचितच दुसरा प्रदेश देत असेल.

या बेटावर सुमारे २ कोटी ३० लाख लोक राहतात, त्यांचे स्वतःचे सैन्य, चलन आणि पारपत्र आहे, १९९६ पासून ते आपला राष्ट्राध्यक्ष थेट मतदानाने निवडतात, आणि जगातील सर्वांत प्रगत संगणकीय चिपांपैकी बहुतांश चिपा त्यांच्याच कारखान्यांत तयार होतात. मॉन्टेव्हिडिओच्या चारही कसोट्यांवर इतके चोख उतरणाऱ्या या प्रदेशाला जानेवारी २०२४ मध्ये नाउरूने साथ सोडल्यानंतर अवघ्या १२ राजधान्यांची मान्यता उरली. त्यांपैकी पॅराग्वे, ग्वाटेमाला, बेलीझ, हैती, सेंट लुसिया, सेंट किट्स अँड नेव्हिस, सेंट व्हिन्सेंट, एस्वातिनी, पलाऊ, मार्शल बेटे आणि तुवालू हे ११ देश संयुक्त राष्ट्रांचे सदस्य आहेत आणि बारावे राज्य म्हणजे पोपचे व्हॅटिकन. तरीही तैपेईची शंभराहून अधिक कार्यालये जगभर उघडी आहेत, त्यांतून व्हिसे दिले जातात, करार होतात, अडचणीत सापडलेल्या नागरिकांना मदत मिळते आणि शस्त्रखरेदीची बोलणीही चालतात. मान्यता नसताना हे सारे कसे चालते आणि ती नसल्याची किंमत नेमकी कोठे मोजावी लागते, हे दोन्ही प्रश्न एकत्रच पाहावे लागतात.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कोसोव्हो, अबखाझिया किंवा उत्तर सायप्रस यांच्यासारखे तैवानने मूळ देशापासून फुटून नवे राज्य जाहीर केलेले नाही. तेथील राज्याचे अधिकृत नाव आजही ‘चिनी प्रजासत्ताक’ असेच आहे. हे प्रजासत्ताक मांचू राजवट उलथवणाऱ्या क्रांतीत १ जानेवारी १९१२ रोजी नानजिंग येथे स्थापन झाले, आणि त्या वेळी तैवान त्यात नव्हताच, कारण १८९५ च्या शिमोनोसेकी तहाने तो जपानकडे गेला होता. १९४५ साली जपानच्या पराभवानंतर बेट चिनी प्रजासत्ताकाच्या ताब्यात आले, आणि चारच वर्षांत यादवी युद्ध हरलेले चँग कै-शेक यांचे सरकार आपले खजिने, फौज आणि राज्यघटना घेऊन तेथेच आश्रयाला आले. १ ऑक्टोबर १९४९ रोजी यादवीत जिंकलेल्या साम्यवाद्यांचे नेते माओ यांनी पेकिंगमध्ये ‘चिनी जनतेचे प्रजासत्ताक’ जाहीर केले. त्यानंतर जगापुढे आलेला प्रश्न राज्याच्या मान्यतेचा नव्हता, तो सरकारच्या मान्यतेचा होता: चीन हा एकच देश आहे असे दोन्ही बाजू म्हणत असताना त्याचे कायदेशीर सरकार कोणते मानायचे?

आज तैवानच्या एकाकीपणाचे सारे खापर पेकिंगच्या, म्हणजे आताच्या बीजिंगच्या, माथी फोडण्याची रीत आहे. ती पूर्णपणे चुकीची नसली तरी अर्धवट आहे. ‘जो त्यांना मान्यता देईल त्याच्याशी आमचे संबंध तुटले’ हा नियम चँग यांच्या सरकारनेही तितक्याच कडकपणे पाळला. गादीचा खरा वारस आणि बंडखोर एकाच छताखाली नांदू शकत नाहीत, या जुन्या चिनी राजनीतीचा त्यामागे आधार होता. जानेवारी १९६४ मध्ये द गॉल यांच्या फ्रान्सने पेकिंगशी संबंध जोडण्याचे जाहीर केले तेव्हा दोन्ही सरकारांशी एकाच वेळी संबंध ठेवण्याचा प्रयोग करून पाहण्याची संधी तैपेईला होती, परंतु काही दिवसांतच चँग यांनी फ्रान्सशी संबंध तोडले. ज्या काळात मते आपल्या बाजूला होती त्या काळात हा ताठरपणा परवडत होता, आणि ती मते टिकवण्यासाठी तैपेई कष्टही घेत होते. १९६१ पासून नव्याने स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी देशांत भातशेती शिकवणारी तैवानी पथके पाठवली जात होती, त्यांतील पहिले लायबेरियाला गेले, आणि संयुक्त राष्ट्रांत चीनची जागा राखणे हा त्या शेतीमागचा उघड हेतू होता.

चिनी प्रजासत्ताक हे संयुक्त राष्ट्रांचे संस्थापक सदस्य आणि सुरक्षा परिषदेचे नकाराधिकारधारी कायम सदस्य होते, त्यामुळे तेथील लढाई साध्या सदस्यत्वाची नव्हती. १९७१ पर्यंत अमेरिकेलाही उमगले होते की मतांचे पारडे फिरले आहे, म्हणून तिने दोन्ही चिनी सरकारांना प्रतिनिधित्व देण्याची तडजोड पुढे केली. तैपेईने तिला आतून संमती दिली तोवर फार उशीर झाला होता. २५ ऑक्टोबर १९७१ च्या रात्री आमसभेत आधी एक पद्धतीचा मुद्दा मताला आला. तैपेईला काढण्यासाठी दोन-तृतीयांश बहुमत लागावे, हा अमेरिकेचा प्रस्ताव ५५ विरुद्ध ५९ मतांनी पडला. निकाल दिसताच तैपेईचे परराष्ट्रमंत्री चौ शू-काय आपल्या शिष्टमंडळासह सभागृहाबाहेर पडले, आणि त्यानंतर ठराव क्रमांक २७५८ हा ७६ विरुद्ध ३५ मतांनी संमत झाला. १७ देश तटस्थ राहिले. भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले.

या ठरावाचा मजकूर अगदी थोडका आहे, आणि त्याच्या थोडकेपणातूनच आजचे बरेचसे वाद निघालेले आहेत. चीनचे एकमेव कायदेशीर प्रतिनिधी कोण, याचा निवाडा तो करतो आणि ‘चँग कै-शेक यांच्या प्रतिनिधींची’ तत्काळ हकालपट्टी करतो. ‘तैवान’ हे नाव त्यात एकदाही येत नाही, आणि बेटावरील सार्वभौमत्व कोणाचे याविषयी एक अक्षरही नाही. बीजिंगच्या मते प्रतिनिधित्वाचा निकाल लागला तेथेच बेटाचाही लागला. अमेरिका आणि तिचे काही मित्रदेश अलीकडे उलट युक्तिवाद उघडपणे करू लागले आहेत, तथापि १९७१ नंतरची अनेक दशके त्यांनाही हा फरक जाहीरपणे सांगण्याची निकड भासली नव्हती.

ठरावानंतर गळती लागली. १९७० च्या सुमारास सत्तरच्या घरात असलेली तैपेईला मान्यता देणाऱ्यांची संख्या त्या दशकाच्या अखेरीस विशीच्या घरात आली. या काळात पाश्चात्त्य देशांनी बीजिंगशी जी संयुक्त निवेदने काढली, त्यांतील क्रियापदांवर अक्षरशः महिनोन्‌महिने घासाघीस झाली. ‘तैवान हा चीनचा अविभाज्य भाग आहे’ या बीजिंगच्या भूमिकेची कॅनडाने १९७० साली केवळ नोंद घेतली. ती मान्यही केली नाही आणि नाकारलीही नाही. पुढे कित्येक देशांनी हाच नमुना उचलला आणि काहींनी शब्द थोडे अधिक झुकते ठेवले. ‘एक चीन’ या नावाखाली वृत्तपत्रांत जे एकच धोरण दिसते ते त्यामुळे प्रत्यक्षात प्रत्येक देशागणिक वेगळे आहे.

सर्वांत मोठा घाव १५ डिसेंबर १९७८ रोजी बसला. अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १ जानेवारी १९७९ पासून बीजिंगला मान्यता आणि तैपेईशी संबंधविच्छेद जाहीर केला, आणि तैपेईच्या अध्यक्षांना, म्हणजे चँग यांचे पुत्र चँग चिंग-कुओ यांना, अमेरिकी राजदूताने जाहीर घोषणेच्या काही तास आधी मध्यरात्री उठवून ही वार्ता दिली. वॉशिंग्टनमधील ‘ट्विन ओक्स’ ही १९३७ पासून चिनी राजदूतांचे निवासस्थान असलेली हवेली आता बीजिंगच्या हाती जाणार हे स्पष्ट होते, म्हणून उरलेल्या दिवसांत तैपेईने ती एका मित्रसंस्थेला १० डॉलरना विकून टाकली, आणि वातावरण निवळल्यावर १९८२ साली परत विकत घेतली. हाच डाव २०२१ साली निकाराग्वात मात्र फसला: मान्यता काढून घेतली जाताच तैपेईने दूतावासाची इमारत तेथील कॅथलिक धर्मप्रांताला १ डॉलरच्या नाममात्र किमतीत दिली, पण निकाराग्वाच्या सरकारने ती जप्त करून बीजिंगच्या हवाली केली. दोन व्यवहारांतील फरक किमतीत नव्हता. पहिल्याच्या पाठीशी अमेरिकेची संसद उभी राहिली होती आणि दुसऱ्याच्या पाठीशी कोणीही नव्हते.

अमेरिकी संसदेने १९७९ च्या एप्रिलमध्ये केलेला ‘तैवान संबंध कायदा’ हे मान्यतेवाचून संबंध कसे चालवावेत याचे आजवरचे सर्वांत तपशीलवार उदाहरण आहे. अमेरिकेच्या कायद्यांत जेथे जेथे परदेश, परराष्ट्र किंवा परकीय सरकार असे शब्द येतात तेथे तेथे ते तैवानलाही लागू समजावेत, असे तो एका कलमात सांगतो, आणि त्या एका कलमाने दिवाणी दाव्यांपासून अणुइंधनाच्या पुरवठ्यापर्यंतचे शेकडो प्रश्न निकालात निघतात. संबंध प्रत्यक्ष चालवण्यासाठी ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट इन तैवान’ नावाची संस्था काढण्यात आली, जी कागदोपत्री राजधानी वॉशिंग्टनच्या कायद्याखाली नोंदलेली, नफा न कमावणारी खासगी संस्था आहे. परराष्ट्र खात्यातील अधिकारी तेथे जाताना आधी सरकारी सेवेतून रीतसर अलग होत, तेथील मुदत संपली की कायद्याने दिलेल्या हमीनुसार ज्येष्ठतेसह मूळ सेवेत परतत, आणि दोन दशकांहून अधिक काळ हा सोपस्कार निष्ठेने पाळला गेला. लढाऊ विमानांच्या विक्रीचे करारही याच ‘खासगी’ संस्थेत आणि तिच्या तैवानी जोडीदार कार्यालयात होतात. जपानने सात वर्षे आधीच अशा संघटनांची जोडी उभारली होती, त्यामुळे ही कल्पना मूळची अमेरिकेची नव्हे.

ब्रिटनचा मार्ग आणखी विलक्षण होता. जानेवारी १९५० मध्येच पेकिंगला मान्यता देऊनही त्याने तैवानच्या तामसुई बंदरातील आपली वाणिज्य वकिलात १९७२ पर्यंत चालू ठेवली. तिचा व्यवहार तैवान ‘प्रांताच्या’ अधिकाऱ्यांशी आहे, चिनी प्रजासत्ताकाशी नव्हे, अशी त्याची सबब होती. तैपेईने ती सबब दोन दशकांहून अधिक काळ सोसली, यावरून तेथील ताठरपणालाही अपवाद होते असे दिसते.

या व्यवस्थेत नावांना आलेले महत्त्व बाहेरच्याला हास्यास्पद वाटू शकते. कार्यालयाच्या पाटीवर देशाऐवजी ‘तैपेई’ या शहराचे नाव घालायचे आणि कामाचे स्वरूप ‘आर्थिक व सांस्कृतिक’ असे सांगायचे, हा जगभरचा प्रघात आहे. ऑलिंपिकमध्ये १९८१ च्या करारानुसार तैवानी खेळाडू ‘चायनीज तैपेई’ म्हणून उतरतात, त्यांच्यासाठी वेगळा ध्वज असतो आणि सुवर्णपदक मिळाले तरी राष्ट्रगीताऐवजी वेगळी धून वाजते. जागतिक व्यापार संघटनेत तैवान १ जानेवारी २००२ रोजी, चीननंतर तीन आठवड्यांनी, ‘तैवान, पेंगहू, किनमेन आणि मात्सू यांचे स्वतंत्र सीमाशुल्क क्षेत्र’ या लांबलचक नावाने शिरला. आशियाई विकास बँकेचा तो १९६६ पासूनचा संस्थापक सदस्य, पण १९८६ साली चीनला प्रवेश देताना बँकेने त्याचे नाव परस्पर ‘तैपेई, चायना’ करून टाकले. तैपेईने आधी बैठकांवर बहिष्कार घातला, नंतर निषेध नोंदवून उपस्थित राहण्याचे धोरण स्वीकारले, आणि १९८९ साली तर तैवानच्या अर्थमंत्री शर्ली कुओ याच बँकेच्या बैठकीसाठी थेट बीजिंगला गेल्या. निषेध नोंदवावा पण खुर्ची सोडू नये, ही १९७१ पासून तैपेईने घेतलेली शिकवण होती. सामान्य नागरिकांनीही तीच पुढे चालवली: टोकियो ऑलिंपिकसाठी ‘तैवान’ या नावाने अर्ज करावा का, असा प्रश्न नोव्हेंबर २०१८ च्या सार्वमतात विचारला गेला तेव्हा, खेळाडूंची संधीच हुकेल या भीतीने, बहुमत विरोधात गेले.

प्रघात मोडल्यास काय होते हे लिथुआनियाने २०२१ साली अनुभवले. राजधानी विल्नियसमध्ये त्या वर्षी नोव्हेंबरात उघडलेल्या कार्यालयाच्या नावात ‘तैपेई’च्या जागी ‘तैवानी’ हा शब्द आला. चीनने राजदूत पातळीवरील संबंध खाली आणून प्रभारी अधिकाऱ्यावर ठेवले, आणि लिथुआनियाचा माल चिनी सीमाशुल्काच्या संगणकातून जणू अदृश्य झाला. त्या देशाचे सुटे भाग वापरणाऱ्या इतर युरोपीय कंपन्यांनाही त्याची झळ पोहोचली. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार नेली, पण ती तडीस नेली नाही.

राहिलेल्या १२ मित्रांचा खरा उपयोग काय, हा तैवानच्या अंतर्गत राजकारणातही वादाचा विषय आहे. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर काही वर्षे दोन्ही बाजूंमध्ये लहान देशांच्या मान्यतेसाठी उघड बोली लागत असे. नाउरूने १९८० साली तैपेईशी संबंध जोडले, २००२ मध्ये तो बीजिंगकडे गेला, २००५ मध्ये तैपेईकडे परतला आणि २०२४ मध्ये पुन्हा गेला. सेंट लुसियाने १९८४, १९९७ आणि २००७ असा तसाच प्रवास केला. हा आतबट्ट्याचा व्यवहार कोणत्या थराला जाऊ शकतो हे पापुआ न्यू गिनीची मान्यता मिळवण्यासाठी २००६ साली दिलेल्या सुमारे ३ कोटी डॉलरच्या प्रकरणात दिसले. पैसे मध्यस्थांच्या खात्यांत अडकले, मान्यता मिळाली नाही, आणि २००८ मध्ये ही बाब उघडकीस आल्यावर परराष्ट्रमंत्री आणि उपपंतप्रधान या दोघांना राजीनामे द्यावे लागले. त्याच वर्षी सत्तेवर आलेल्या मा यिंग-जिओ यांनी बीजिंगशी ‘राजनैतिक युद्धबंदी’चे धोरण अवलंबले आणि आठ वर्षे पळवापळवी जवळपास थांबली, २०१६ साली त्साय इंग-वेन अध्यक्ष होताच ती पुन्हा सुरू झाली आणि त्यांच्या कारकिर्दीत २२ मित्रांचे १२ झाले. हे मित्र बीजिंगकडे जाण्याची वेळही बहुधा हिशेबाने निवडली जाते: नाउरूची घोषणा तैवानमधील अध्यक्षीय निवडणुकीनंतर दोनच दिवसांनी आली.

तरीही या मित्रांना निव्वळ भाडोत्री म्हणून निकालात काढणे योग्य होणार नाही. पॅराग्वेचे संबंध १९५७ पासूनचे आहेत आणि एस्वातिनीचे त्या देशाच्या स्वातंत्र्यापासूनचे, म्हणजे १९६८ पासूनचे. मैत्रीची किंमत काही वेळा या देशांनीही मोजली आहे. ग्वाटेमालातील दीर्घ यादवीनंतर तेथे संयुक्त राष्ट्रांचे शांतता निरीक्षक पाठवण्याचा प्रस्ताव जानेवारी १९९७ मध्ये चीनने नकाराधिकार वापरून रोखला आणि ग्वाटेमालाने तैवानबाबत नमते घेतल्यावरच काही दिवसांनी मोकळा केला. मॅसिडोनियाने जानेवारी १९९९ मध्ये तैपेईला मान्यता दिली, तर पुढच्याच महिन्यात चीनने त्या देशातील शांतिसेनेची मुदतवाढ नाकारली. कोसोव्होतील युद्धाचा वणवा शेजारी पेटत असताना हे घडले, आणि २००१ साली मॅसिडोनिया पुन्हा बीजिंगकडे गेला. व्हॅटिकनचे प्रकरण निराळे आहे. तेथे पैशाचा प्रश्नच नाही, पण १९७१ पासून तैपेईतील पोपच्या वकिलातीत पूर्ण दर्जाचा राजदूत नेमलेला नाही, आणि बिशपांच्या नेमणुकांविषयी व्हॅटिकनने सप्टेंबर २०१८ मध्ये बीजिंगशी केलेल्या समझोत्यामुळे तैपेईच्या काळजीत भर पडली आहे. या मित्रांमुळे तैवानच्या अध्यक्षांना एक सोयही मिळते: पॅराग्वेला किंवा ग्वाटेमालाला जाताना वाटेत अमेरिकी शहरांत मुक्काम करता येतो, आणि त्या ‘विश्रांती’त अमेरिकी संसद सदस्यांच्या भेटी होतात. दौऱ्यातील महत्त्वाचा भाग बहुधा हाच असतो.

मान्यता नसल्याची खरी झळ मात्र व्यापारी करारांत किंवा अध्यक्षांच्या दौऱ्यांत कमी आणि आरोग्य, पोलीस व विमानवाहतूक अशा, रोजच्या जगण्याला लागून असलेल्या क्षेत्रांत अधिक बसते. जागतिक आरोग्य परिषदेला तैवान २००९ ते २०१६ या काळात निरीक्षक म्हणून हजर राहू शकला, कारण मा यांच्या काळात बीजिंगची हरकत नव्हती. त्यानंतर दार बंद झाले, आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी तैवानच्या आरोग्य यंत्रणेने वूहानमधील अनोळखी न्यूमोनियाविषयी जागतिक आरोग्य संघटनेला पाठवलेल्या ईमेलचा अर्थ काय लावायचा, यावर पुढे दोन्ही बाजूंनी बराच वाद झाला. इंटरपोलमध्ये तैवानला १९८४ पासून स्थान नाही. एप्रिल २०१६ मध्ये दूरध्वनीवरील फसवणुकीच्या आरोपाखाली केनियात पकडलेल्या ४० हून अधिक तैवानी नागरिकांना, काहींची तेथील न्यायालयात निर्दोष मुक्तता झालेली असूनही, केनियाने बीजिंगला पाठवून दिले, आणि त्यांना सोडवण्यासाठी तैपेईकडे त्या देशात राजदूत नव्हता. आरोपी सहानुभूतीला पात्र होते की नाही हा भाग वेगळा. आपला नागरिक कोणत्या देशाच्या तुरुंगात जावा हे ठरवताना ज्या राज्याला विचारलेही जात नाही, त्याचे सार्वभौमत्व तेथे उणेच पडते.

भारताने ३० डिसेंबर १९४९ रोजी पेकिंगला मान्यता दिली आणि तेव्हापासून तैपेईशी त्याचे औपचारिक राजनैतिक संबंध नाहीत. १९९५ साली दोन्ही बाजूंनी प्रत्येकी एक कार्यालय उघडले: तैपेईत ‘इंडिया-तैपेई असोसिएशन’ आणि दिल्लीत ‘तैपेई इकॉनॉमिक अँड कल्चरल सेंटर’. पहिल्याचे प्रमुखपद भारतीय परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्याकडे असते, मात्र त्याला राजदूत म्हटले जात नाही. या संबंधांची भारतीय कायद्यातील खूण शोधायची तर ती परराष्ट्र मंत्रालयाच्या निवेदनांपेक्षा प्राप्तिकर कायद्यात सापडते. दुहेरी कर टाळण्याचे करार त्या वेळच्या कायद्याच्या कलम ९० खाली केंद्र सरकार दुसऱ्या देशाच्या सरकारशी करीत असे. तैवानच्या बाबतीत तसे करणे म्हणजे त्याला देश मानणे झाले असते. २००६ साली कायद्यात आलेल्या कलम ९०ए नुसार भारतातील एखादी ‘विनिर्दिष्ट संघटना’ बाहेरच्या ‘विनिर्दिष्ट प्रदेशा’तील तशाच संघटनेशी करार करू शकत होती आणि सरकार तो अधिसूचनेने लागू करीत असे. २०११ साली दोन्ही कार्यालयांनी असाच करार केला, केंद्राने तो अधिसूचित केला, आणि तैवानी कंपन्यांना कर भरताना त्याचा लाभ होऊ लागला. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीय कामगारांना तैवानमध्ये रोजगार मिळण्यासंबंधीच्या सामंजस्य करारावरही सह्या केल्या त्या याच दोन कार्यालयांनी.

दिल्लीनंतर २०१२ साली चेन्नईत आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत तैवानचे कार्यालय सुरू झाले. इलेक्ट्रॉनिक्सचे तैवानी कारखाने तमिळनाडूत आधी गेल्यामुळे चेन्नईचा क्रम अगोदर लागला. पश्चिम भारतातील उद्योजकांना आणि विद्यार्थ्यांना व्हिसासाठी व कागदपत्रांच्या साक्षांकनासाठी मुंबईच्या कार्यालयामुळे जवळचे ठिकाण उपलब्ध झाले. चीनने या कार्यालयाबद्दल भारताकडे निषेध नोंदवला. भारताची स्वतःची भूमिका या काळात बोलण्यापेक्षा न बोलण्यातून बदलत गेली आहे. २०१० च्या सुमारापासून चीनबरोबरच्या संयुक्त निवेदनांत ‘एक चीन’चा उल्लेख करणे भारताने थांबवले, मात्र ते धोरण सोडल्याचे कधी जाहीर केले नाही, आणि जुलै २०१८ मध्ये चीनच्या हवाई वाहतूक प्रशासनाच्या आग्रहानंतर जगभरच्या विमान कंपन्यांनी नावे बदलली तेव्हा, त्या वेळी सरकारी मालकीच्या असलेल्या एअर इंडियानेही आपल्या संकेतस्थळावर ‘तैवान’चे ‘चायनीज तैपेई’ केले.

मान्यतेच्या बाजारात अगदी तळाशी असलेल्यांशीही तैपेईने अलीकडे संबंध जोडले आहेत. १९९१ मध्ये सोमालियापासून स्वातंत्र्य जाहीर केलेल्या आणि २०२० पर्यंत संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्याची मान्यता नसलेल्या सोमालीलँडने त्या वर्षी तैपेईशी प्रतिनिधींची अदलाबदल केली. सोमालीलँडची राजधानी हर्गेसा येथे ऑगस्टमध्ये उघडलेल्या कार्यालयाच्या पाटीवर ‘तैवान’ हे नाव सरळ लिहिले गेले, कारण नावावरून बीजिंगने धाक घालावा असे दोघांजवळ थोडेच शिल्लक होते. दोघांनी परस्परांना राज्य म्हणून औपचारिक मान्यता मात्र दिलेली नाही. सोमालियाच्या मोगादिशू येथील ज्या सरकारच्या ताब्यात हर्गेसा तीन दशकांहून अधिक काळ नाही, त्याने एप्रिल २०२५ च्या अखेरीपासून तैवानी पारपत्रावर देशात येण्यास आणि देशातून पुढे जाण्यास बंदी घातली, आणि त्या आदेशासाठी आधार घेतला तो १९७१ च्या ठराव क्रमांक २७५८ चा.